बरा झालेला माणूस कुणाचा?

मनाचा तोल गेलेल्या माणसाविषयी बोलताना आपल्याकडे गावांची नावे घेतात. पुण्याकडचे लोक येरवडा म्हणतात, मुंबईकडचे ठाणे म्हणतात. आपल्या तुमसरला जवळचे म्हणजे नागपूर. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ साली सुरू झाले. त्याची क्षमता ९४० खाटांची. ज्या चौकाजवळ ते उभे आहे, त्याला लोक अजूनही 'पागलखाना चौक' म्हणतात. कागदावरचे नाव बदलले, आपल्या तोंडातले बदलले नाही.

अशी जुनी मनोरुग्णालये असावीत की बंद करावीत, यावर जगभर अनेक वर्षे वाद झाला आहे. इटलीने १९७८ साली कायदा करून ती हळूहळू बंद केली. तेथील व्होल्तेरा गावच्या मनोरुग्णालयात एके काळी चार हजारांहून अधिक रुग्ण होते. आज त्याच्या कित्येक इमारती ओस पडल्या आहेत. नानेत्ती नावाच्या एका रुग्णाने तेथील भिंतीवर, आपल्या जाकिटाच्या बकलने, वर्षानुवर्षे अक्षरे आणि चित्रे कोरली. आता लांबून माणसे ती भिंत पाहायला येतात. माणूस आत होता तेव्हा गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तो गेल्यावर त्याच्या भिंतीचे कौतुक झाले, याचा आपण विचार करावा.

त्या भिंती पडल्या ते योग्यच झाले. जेथे बाहेरच्या कुणाची नजर पोहोचत नाही, तेथे दुर्बलांवर अन्याय व्हायला वेळ लागत नाही. पण भिंत पडली म्हणजे माणसाला घर मिळाले, असे होत नाही. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. पुढील काही दशकांत ती बहुतेक रिकामी झाली. परंतु बाहेर आधाराची सोय पुरेशी झाली नाही आणि कित्येकजण रस्त्यावर किंवा तुरुंगात पोहोचले.

आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की, कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. तरीही २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावे लागले की, मनोरुग्णालयातील माणसांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणे थांबवा. म्हणजे प्रश्न औषधांपाशी संपत नाही. औषधाने माणूस सावरला, डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हटले, मग त्याने जायचे कुठे?

घरच्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु रोजमजुरीवर चालणाऱ्या घरात एकाने कायम आजाऱ्यापाशी बसायचे म्हणजे एका माणसाची मजुरी बुडते. घरात असा आजार आहे हे कळले की मुलीचे स्थळ मोडते. सून आजारी पडली तर सासरचे म्हणतात माहेरी न्या, माहेरचे म्हणतात ती आता तुमची. जे घर आधीच वाकलेले आहे, त्याला केवळ कर्तव्याचा उपदेश करणे हीसुद्धा एक निर्दयताच आहे. म्हणून हा प्रश्न एका घराचा राहत नाही, तो शेजाऱ्यांचा आणि धर्मग्रामाचाही होतो.

बेल्जियममधील गील या गावाने हे करून दाखवले आहे. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिच्या देवळाकडे आजारी माणसे येत, आणि देवळात जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. शेकडो वर्षांची ती रीत आजही टिकून आहे. तेथे आजारी माणूस घरच्यांबरोबर जेवतो आणि जमेल तेवढे काम करतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणाऱ्या एका माणसाची हकिगत आहे. लोकांनी त्याला बेड्यांनी जखडण्याचा प्रयत्न केला होता. तो शुद्धीवर येऊन शांत बसलेला दिसला, तेव्हा त्याच लोकांना भीती वाटली. त्या माणसाला प्रभू येशूबरोबर जायचे होते. पण प्रभूने त्याला स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसांकडे पाठवले. त्याचे बरे होणे तेथे पूर्ण व्हायचे होते. पुढे त्या घराने दार उघडले का, हे शुभवर्तमान सांगत नाही.

आपल्या गल्लीत असे एखादे घर असेल. त्या घरी आपण जावे, चौकशी करावी, भगताकडे जाण्यात वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवायला सोबत जावे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यांना लिहून द्यावा. कुणी उपचार घेऊन परत आला असेल तर त्याला नावाने हाक मारावी, लग्नाची पत्रिका त्यालाही द्यावी, आणि मिस्साच्या वेळी बाकावर आपल्या शेजारी त्याला जागा करून द्यावी.