देशावरून नावावर

ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत गिळल्यावर चार दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 661 मंजूर केला. औषधं आणि अगदीच निकड असेल तर अन्न, एवढं सोडून इराकशी सगळा व्यापार बंद. वठणीवर आणायचं होतं सद्दाम हुसेनला. त्याच्या महालांना काही कमी पडलं नाही. पाणी शुद्ध करायचं क्लोरीन मात्र रासायनिक अस्त्रांनाही चालतं म्हणून परिषदेच्या निर्बंध समितीच्या कात्रीत सापडायचं. बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्य पाहणाऱ्या डेनिस हॅलिडे यांनी 1998मध्ये या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन श्पोनेक यांनी 2000मध्ये तेच केलं.

युद्धाऐवजी आर्थिक कोंडी, ही कल्पना त्याआधीची. राष्ट्रसंघाने 1935मध्ये ती इथिओपियावर चढाई करणाऱ्या मुसोलिनीच्या इटलीवर वापरून पाहिली, पण बंदीतून तेल वगळलं आणि पुढच्या मे महिन्यात इटलीच्या फौजा अदिस अबाबात शिरल्या. नंतर ऱ्होडेशिया झाला, दक्षिण आफ्रिका झाली. (दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, तोही 1946मध्ये, स्वतः स्वतंत्र व्हायच्या आधी.) या सगळ्यात आरोपी एक देश होता. राज्यकर्त्याच्या करणीची शिक्षा प्रजेला का, हा प्रश्न इराकने असा काही टोकाला नेला की तो टाळणं अशक्य झालं. 1998 आणि 1999मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला तज्ज्ञांच्या बैठका झाल्या. देश सोडा, माणूस धरा. खातं त्याचं गोठवा, प्रवास त्याचा रोखा, असा त्यांचा रोख होता. हा विचार कणवेपोटी आला होता, हे इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या हकिगतीत ती कणव शोधावी लागते.

ऑक्टोबर 1999च्या ठराव 1267ने तालिबानवर निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी ओसामा बिन लादेन आणि त्याच्या साथीदारांची यादी करायचं ठरलं आणि 11 सप्टेंबर 2001नंतर ती भराभर वाढली. पंधरा देशांची समिती बंद दाराआड, सर्वसंमतीने नाव घालायची. संबंधिताला कळायचं ते नंतर. त्यात गैर काही नाही. आधी कळवलं तर पैसा रातोरात हलेल.

पण युसुफ नादा यांचं काय झालं ते पाहा. मूळचे इजिप्तचे, इटलीचे नागरिक, व्यवसायाने बँकर. राहायला काम्पिओने दि'तालिया या गावी. हे गाव इटलीचं, पण चारी बाजूंनी स्विस हद्दीने वेढलेलं. क्षेत्रफळ जेमतेम 1.6 चौरस किलोमीटर. नोव्हेंबर 2001मध्ये नाव यादीत आलं आणि पुढे स्वित्झर्लंडने प्रवेशबंदी अमलात आणली. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थांना डॉक्टरकडे जायलाही गावाबाहेर पडता येईना. स्विस तपासयंत्रणेने 2005मध्ये चौकशी गुंडाळली, कारण आरोपांत तथ्य सापडलं नाही. नाव निघालं सप्टेंबर 2009मध्ये. तुरुंग नाही, खटला नाही, निकाल नाही, आणि तरी माणूस इतकी वर्षं स्थानबद्ध.

सुरक्षा परिषदेची भूमिका अशी की ही शिक्षा नव्हेच, ही खबरदारी आहे. म्हणून पुरावा न्यायालयासारखा लागत नाही. मला सगळ्या व्यवस्थेची मेख इथे दिसते. खबरदारीला मुदत नसली की तिची शिक्षा व्हायला वेळ लागत नाही. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2008मध्ये सौदी उद्योजक यासिन कादी यांच्या प्रकरणात हेच जवळपास बोलून दाखवलं: ज्याचं खातं गोठवता, त्याला कारण सांगा, त्याचं ऐकून घ्या. मग डिसेंबर 2009मध्ये या यादीसाठी लोकपाल नेमायचं ठरलं. 2011पासून लोकपालाने नाव काढा म्हटलं आणि समितीने साठ दिवसांत एकमताने विरोध केला नाही, तर नाव आपोआप निघतं. सर्वसंमतीचा नियम असा उलटा फिरवणं ही मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत हुशार दुरुस्ती वाटते. त्या नियमाची सुलटी बाजू भारताने चांगलीच सोसली आहे. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव चीनने वर्षानुवर्षं अडवून धरलं, ते यादीत आलं 1 मे 2019ला.

देशाऐवजी माणूस धरायचा म्हटल्यावर तो नेमका कोण, हे ओळखणं आलं, आणि ते काम समितीकडून घसरत बँकेतल्या कम्प्लायन्सच्या टेबलावर आलं. याच यादीत नोव्हेंबर 2003पासून दाऊद इब्राहिम आहे. नोंदीत टोपणनावांची आणि कराचीतल्या पत्त्यांची रांग आहे, जन्मतारीख आहे आणि जन्मस्थान ‘खेर, रत्नागिरी’. खेडचं खेर झालेलं. अशा नोंदीशी ग्राहकांची नावं रोज ताडून पाहायची. उच्चारावरून नावं जुळवण्याची साउंडेक्स ही जुनी पद्धत, पेटंट 1918चं. ती रोमन लिपीतल्या स्पेलिंगमधले स्वर टाकते आणि सारख्या व्यंजनांना एकच अंक देते. दाऊद कसंही लिहा, उत्तर येतं डी300. पंचाईत अशी की आपल्या दातेंचंही उत्तर डी300च येतं. आजची सॉफ्टवेअर पुष्कळ पुढे गेली आहेत, पण जाळं बारीक केलं की दाते अडकतात आणि सैल केलं की दाऊद सुटतो, हा पेच तसाच आहे.

‘हिट’ आला की टेबलावरचा माणूस जन्मतारीख बघतो, वडिलांचं नाव, पासपोर्ट बघतो आणि बहुतेक वेळा ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ असा शेरा मारून पुढे जातो. खरंच जुळलं, तर आपल्याकडे यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 51अ खालच्या आदेशानुसार चोवीस तासांत सरकारला कळवायचं. सोडलं तर काय होतं, हे त्याला ठाऊक असतं. 2014मध्ये अमेरिकेने तिथले निर्बंध मोडल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेकडून जवळपास 900 कोटी डॉलर वसूल केले. विनाकारण अडवल्याबद्दल एवढा दंड झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यामुळे नाव थोडं संशयास्पद, देश अडचणीचा आणि धंदा किरकोळ असेल, तर खातं न उघडणंच बँकेला परवडतं. न उघडलेलं खातं गोठवलेलं नसतं, म्हणून ते कुठल्या समितीपुढे जात नाही, लोकपालापुढेही नाही.