विश्वासाची कसोटी कोठारापाशी

‘उद्याची चिंता करू नका’ ही शिकवण ख्रिस्ती उपदेशात जितकी कानांवर पडते तितकी दुसरी क्वचितच पडत असेल. रविवारच्या उपासनेत, आजाऱ्याच्या उशाशी, नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी पाळक मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडतात आणि आकाशातल्या पाखरांकडे व रानातल्या फुलांकडे बोट दाखवतात. ऐकणाऱ्याला धीर येतो आणि त्या धीराला मी मुळीच कमी लेखत नाही. पण या शिकवणीचा अर्थ बहुधा एवढाच सांगितला जातो, की मनापासून विश्वास ठेवलात तर देव तुमचे भागवील. तेवढ्यावरच थांबले, की विश्वास हा विमा ठरतो आणि प्रार्थना हा त्याचा हप्ता. माझे म्हणणे असे, की पवित्र शास्त्राने देवावरचा भरवसा या रीतीने शिकवलेलाच नाही. शास्त्रातला भरवसा फळाची हमी देत नाही. उद्याच्या भीतीने आवळलेली मूठ तो सोडवतो आणि मोकळ्या झालेल्या हाताला काम देतो. म्हणून तो खरा की नुसता बोलण्यातला, हे माणसाच्या कोठारापाशी जाऊनच पाहावे लागते.

ही शिकवण कोणत्या संदर्भात आली आहे ते आधी पाहू. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू प्रथम पृथ्वीवर संपत्ती साठवण्याविषयी बोलतो, मग देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही असे बजावतो, आणि या साऱ्याचा निष्कर्ष म्हणून चिंता सोडायला सांगतो. लूकने तर हेच बोलणे एका दाखल्याला लागून ठेवले आहे. वतनाच्या वाटणीचा तंटा घेऊन एक माणूस येशूकडे येतो. येशू निवाडा करायला नकार देतो आणि एका धनवानाची गोष्ट सांगतो. त्याचे शेत भरघोस पिकले, धान्याला जागा पुरेना, म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे त्याने ठरवले, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला गेला. त्याने चोरी केली किंवा मजुरांना लुबाडले, असे दाखल्यात कुठेही नाही. मात्र त्याच्या साऱ्या मनसुब्यात त्याच्याखेरीज दुसरे माणूसच नाही. चिंता आणि साठवण ही एकाच भीतीची दोन रूपे आहेत, हे येशूला दाखवायचे आहे. ज्याच्याजवळ थोडे आहे तो उद्याला भितो आणि ज्याच्याजवळ पुष्कळ आहे तोही उद्यालाच भितो. पण या दुसऱ्याच्या भीतीची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते. मत्तयाच्या त्याच सहाव्या अध्यायात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आजच्यापुरती आहे आणि ती सर्वांनी मिळून सर्वांसाठी करायची आहे. एकट्याच्या भाकरीची तजवीज त्या प्रार्थनेत नाही.

येशूच्या श्रोत्यांना हा विचार परका नव्हता. मिसरातल्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना कसा मिळाला, ही निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली कथा त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. मान्ना देवाने दिला, पण तो कुणाच्या तंबूत आणून ठेवला नाही. पहाटे उठून, ऊन चढण्याआधी, ज्याचा त्याने तो वेचायचा होता. माप ठरलेले होते: माणशी एक ओमेर. कुणी जास्त वेचला, कुणी कमी. मापून पाहिले तेव्हा जास्तवाल्याला उरले नाही आणि कमीवाल्याला उणे पडले नाही. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचायची आज्ञा होती, कारण सातवा दिवस शब्बाथाचा, विसाव्याचा होता, आणि त्या दिवसासाठी राखलेला मान्ना नासला नाही. या कथेचे तपशील नीट पाहिले तर रोजचा भरवसा म्हणजे काय ते उलगडते. त्यात कष्ट आहेत, मोजमाप आहे, समान वाटणी आहे आणि विसाव्यासाठी केलेली तरतूदही आहे. निषिद्ध आहे ती भीतीपोटी केलेली साठवण.

पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनी ही कथा अशीच वाचली. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मान्न्याच्या याच समान मापाचा आधार घेतो, आणि तो कशासाठी? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. आज तुमच्याजवळ अधिक आहे ते त्यांची उणीव भरून काढो, असा त्याचा आग्रह आहे. प्रेषितांच्या कृत्यांतला प्रसंग याहून बोलका आहे. मोठा दुष्काळ पडणार असे अगब नावाच्या संदेष्ट्याने अंत्युखियात सांगितले. क्लौद्य कैसराच्या काळात तो पडलाही. हे भाकीत ऐकून तिथल्या शिष्यांनी नुसती उपास-प्रार्थना केली नाही आणि आपापली कोठारेही भरली नाहीत. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे रक्कम काढली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदियातल्या भावांकडे पाठवली. संकटाची आगाऊ वर्दी मिळाल्यावर विश्वासणारा काय करतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण शास्त्रात दुसरे नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. असा उपदेश लोकांना आळशी करील, उद्याची सोय न पाहणारा बाप मुलांना उपाशी मारील, असे तो म्हणतो. शास्त्र त्याच्याच बाजूने साक्ष देते. काम करायला जो तयार नाही त्याला खाण्याचा हक्क नाही, इथवर पौल थेस्सलनीकाकरांना सुनावतो. यरुशलेमेचा तट बांधताना शत्रू चालून येतील असे दिसले, तेव्हा नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. एकामुळे दुसरे अनावश्यक ठरते असे त्याला वाटले नाही. योसेफाने मिसरात सुबत्तेच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवला आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात त्यावर लोक जगले. म्हणजे नियोजनाला शास्त्राचा विरोध नाही. ते कुणासाठी, एवढाच त्याचा प्रश्न आहे. हा प्रश्न विसरला की काय होते तेही उत्पत्तीच्या पुस्तकाने लपवलेले नाही. त्याच धान्याच्या बदल्यात अखेरीस मिसरी शेतकऱ्यांची गुरे, जमिनी आणि स्वातंत्र्यही फारोच्या ताब्यात गेले. लोकांसाठी भरलेले कोठारही सत्तेचे हत्यार बनू शकते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पाखरे उपाशी मरतात आणि विश्वास ठेवणारी माणसेही मरतात. मग स्वर्गीय पित्याची काळजी कुठे गेली? या प्रश्नाला वरवरचे उत्तर देणे हे दुःखी माणसाचा अपमान करणे आहे. एवढे खरे, की पाखरांकडे पाहायला सांगणाऱ्याला पाखरे मरतात हे माहीत होते. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तोच येशू चिमण्या जमिनीवर पडतात असे म्हणतो. पित्याच्या नजरेआड त्या पडत नाहीत, एवढेच तो सांगतो. नबुखद्नेस्सराच्या भट्टीसमोर उभे राहिलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो आपला देव सोडवायला समर्थ आहे असे म्हणतात, आणि त्याने सोडवले नाही तरीही आपण मूर्तीपुढे वाकणार नाही, हेही त्याच दमात सांगतात. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्याविषयी तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. गेथशेमानेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. ज्या ग्रंथाच्या मध्यभागी वधस्तंभ उभा आहे त्या ग्रंथाच्या नावाने सुखरूपतेची हमी देणे, हे त्या ग्रंथाशीच इमान राखणे नव्हे.

तरीही अशी हमी देणारे उपदेशक आहेत. दशांश द्या आणि दसपट घ्या, औषध सोडा म्हणजे विश्वास सिद्ध होईल, असे ते वचनांचे दाखले देत सांगतात. त्यांनी अरण्यातली परीक्षा पुन्हा वाचावी. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतान येशूला खाली उडी टाकायला सांगतो आणि त्यासाठी ९१ व्या स्तोत्रातले संरक्षणाचे अभिवचन ऐकवतो. वचन खरे आहे, वापर खोटा आहे. देवाची परीक्षा पाहू नये, हे अनुवादाच्या पुस्तकातले उत्तर देऊन येशू त्याला परतवतो. एखादे वचन संदर्भातून तोडून स्वतःच्या इच्छेला जुंपणे म्हणजे शास्त्रावर विश्वास ठेवणे नव्हे, हे येथे शास्त्रानेच सांगितले आहे. आजारपणाचेही तसेच. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घेण्याचा उपाय सुचवला, आणि त्रफिम आजारी असल्याने त्याला मिलेतात ठेवून तो पुढे गेला. यांपैकी कुणाचाही विश्वास तोकडा होता असे पौल म्हणत नाही. याकोब आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. तोच याकोब उघड्या, भुकेल्या भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांचा विश्वास मेलेला आहे, असेही लिहितो.

हा भरवसा प्रत्यक्षात कसा दिसतो ते महाराष्ट्राने पंडिता रमाबाईंच्या रूपाने पाहिले आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण थोड्याच अवधीत गेली. पुढे भाऊ गेला, पती बिपिनबिहारी मेधावी गेले. श्रद्धाळू माणसांचाही घास दुष्काळ घेतो, हे रमाबाईंना सांगायला कुणा टीकाकाराची गरज नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो निराधार मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. १९०० च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे दीड हजार जीव होते. इतक्यांचा निर्वाह देव करील, अशी रमाबाईंची श्रद्धा होती, आणि त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, जनावरे पाळली, मुलींना विणकामापासून छपाईपर्यंतचे उद्योग शिकवले. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्युलर यांच्या कार्यातून त्यांनी प्रेरणा घेतली होती. म्युलर कुणाजवळ पैसे मागत नसत, पण मिळालेल्या पैशाचा काटेकोर हिशेब ते प्रसिद्ध करीत. बायबल सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही गेली, तरी काम थांबले नाही. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि ते भाषांतर त्यांच्या मागे छापून बाहेर आले. या आयुष्यात विश्वासाने दुःख टळल्याचे दिसत नाही. दुःखाने हात आखडले नाहीत, असे मात्र पानोपानी दिसते.

शेवटचा आक्षेप तर्कवाद्याचा. मिळाले तर देवाने दिले, नाही मिळाले तर देवाची इच्छा. मग हा विश्वास कधी खोटा ठरणार, आणि जो खोटा ठरूच शकत नाही त्याला अर्थ काय? भरवसा हे भविष्यकथन असते तर हा आक्षेप बिनतोड होता. पण शास्त्रातला भरवसा हे एक नाते आहे, आणि नात्यात तक्रारीलाही जागा असते. इयोब देवाशी भांडतो, कित्येक स्तोत्रे देवाला जाब विचारतात, वधस्तंभावरचा येशूही त्याच परंपरेतला आक्रोश करतो. ‘देवाची इच्छा’ म्हणून तोंड मिटून घेणे ही शास्त्राची रीत नाही. आणि हा भरवसा खोटा ठरू शकतो. फक्त त्याचा पडताळा पावसात किंवा पगारात मिळत नाही. देव पुरवील असे गाणाऱ्या मंडळीत एक घर उपाशी आणि दुसऱ्या घराच्या ठेवी वाढत्या असतील, तर तिथला विश्वास खोटा ठरलेलाच आहे. रमाबाईंच्या हयातीत त्यांच्या धर्मांतरावर कडक टीका झाली, पण त्या मुलींना मिळालेले जेवण आणि अक्षरज्ञान हा पुरावा कोणत्याही टीकाकाराला तपासून पाहता येण्याजोगा होता.

म्हणून उपदेश करणाऱ्यांना विनंती आहे, की चिंतेविषयीचे वचन वाचाल तेव्हा त्याच्या आधीची वचनेही वाचा. पाखरांविषयी सांगाल तेव्हा कोठारांविषयीही सांगा. दुःखात बुडालेल्या माणसाला ‘विश्वास ठेव’ म्हणण्याआधी मंडळीने त्याचे भाडे, त्याच्या मुलांची फी, त्याच्या औषधाचा खर्च विचारावा आणि होईल तेवढा उचलावा. ऐकणाऱ्यांनीही देवाने आपल्याला काय दिले याच्या साक्षी जरूर द्याव्यात, आणि त्यातले दुसऱ्यापर्यंत काय पोहोचले याची साक्षही द्यावी. आजची भाकर देवाकडून मागणाऱ्याने जास्तीची भाकर स्वतःची समजू नये. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे व्यवहारात एवढेच, आणि हे एवढेसे करायलाही माणसाला देवाचा आधार लागतो.