समजावणे आणि नकार

नोकरीत वरिष्ठांचा निर्णय घातक वाटला, तर आधी त्यांना समजावून पाहावे, हे व्यवहाराला आणि नीतीला सारखेच पटते. ज्याला समजावायचे तोही विचार करू शकतो, हा विश्वास त्यात असतो. पण ऐकणाऱ्याला पटूनही तो वागला नाही, तर? महाभारतातला धृतराष्ट्र विदुराचा उपदेश रात्रभर ऐकतो, तो योग्य असल्याचे मान्य करतो आणि दुर्योधन समोर आला की आपली बुद्धी फिरते, असेही सांगून टाकतो. विदुराच्या युक्तिवादात काही उणे नव्हते. राजाला पुत्रमोह सुटत नव्हता. म्हणून समजावण्याचे मोल केवळ त्याच्या यशावरून ठरवता येत नाही.

असेच एक समजावणे आधुनिक काळातही अयशस्वी ठरले. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेतल्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी ‘चॅलेंजर’ अवकाशयानाचे उड्डाण पुढे ढकलायला सांगितले. थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी कडी ताठरतात आणि तप्त वायू रोखू शकत नाहीत, अशी त्यांची भीती होती. त्यांच्यापैकी रॉजर बॉइजोली यांनी हा धोका १९८५ च्या जुलैमध्येच लेखी कळवला होता. त्या रात्री मात्र पुराव्याचा भार उलटला: उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी ते असुरक्षित आहे हे अभियंत्यांनी सिद्ध करावे, अशी अपेक्षा झाली. कंपनीच्या व्यवस्थापकांनी शिफारस फिरवली. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सात जण मृत्युमुखी पडले.

यावर कोणी म्हणेल, सात जीव वाचत असते तर बॉइजोलींनी धोक्याचे आकडे फुगवायला काय हरकत होती? हरकत अशी की, खोट्याने वळवलेला माणूस निर्णय घेत नाही, त्याच्याकडून तो घेववला जातो. आणि खोटे उघडे पडले की पुढचा खरा इशाराही कोणी मानत नाही. तरीही केवळ खरे बोलून थांबणे अपुरेच. इथे ॲलन मॅकडोनल्ड यांचे वागणे महत्त्वाचे ठरते. उड्डाणतळावरचे कंपनीचे प्रतिनिधी असूनही त्यांनी संमतिपत्रावर सही केली नाही. ती कंपनीच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने केली. नकार म्हणजे दडपणच, हा आक्षेप इथे टिकत नाही. मॅकडोनल्ड यांनी फक्त स्वतःचा हात आवरला, दुसऱ्याचा धरला नाही.

त्या नकाराने उड्डाण थांबले नाही, हे खरे. पण चौकशी आयोगापुढे त्यांनी सत्य मांडले आणि पुढे त्याच सांध्यांच्या फेररचनेचे काम त्यांच्याकडे आले. ज्याने नकाराची तयारी ठेवलेली नाही, त्याला शेवटी खोटे बोलावे लागते किंवा गप्प बसावे लागते. ती तयारी असलेल्यालाच प्रामाणिकपणे समजावणे परवडते.