पुन्हा त्याच खानावळीत

तालुक्याच्या गावात जेवायला जाण्याजोगी ठिकाणे मोजकीच असतात. बसस्टँडसमोर चहा-भज्यांचे हॉटेल, बाजारपेठेत एखादी खानावळ आणि गावाबाहेर रस्त्याच्या कडेला 'बार अँड रेस्टॉरंट', मागच्या अंगाला पडदे लावलेली 'फॅमिली रूम' असलेले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठेही गेलात तरी चित्र थोड्याफार फरकाने हेच.

अशा ठिकाणी सणावारी मुलाबाळांना घेऊन जावे आणि निराशा पदरी यावी. भाकरी गार आणि वातड, एण्णेगाईतले वांगे कच्चे, पोऱ्याचे सारे लक्ष बाहेरच्या पिणाऱ्यांकडे. बिल मात्र वेळेवर. घरी परतेपर्यंत निकाल लागलेला असतो : पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. हा निकाल न्याय्य आहे काय? अशा मालकाला दुसरी संधी देणे हे आपले कर्तव्य, की निव्वळ भाबडेपणा?

प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु ताटाचा निवाडा आपण जसा करतो, तसाच बहुधा माणसांचाही करतो.

गिऱ्हाईक म्हणेल, पैसे माझे, जीभ माझी. मी कुणाचे देणे लागत नाही. हे खरेच आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावर, उमरगा ते हुमनाबाद या पट्ट्यात, एखादा प्रवासी क्षणभर थांबतो, जेवतो आणि निघून जातो. तो पुन्हा येणार नाही हे मालकाला ठाऊक असते आणि त्यालाही. दोघांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो. गावातली खानावळ मात्र त्याच त्या माणसांवर चालते. मोठ्या शहरात एक गिऱ्हाईक तुटले तर दुसरे दारात उभे असते. इथे दहा घरांनी पाठ फिरवली की चूल थंडावते. ज्याच्या नकाराला एवढे वजन आहे, त्याने तो नकार थोडा तोलून वापरावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

दुसरी संधी म्हणजे क्षमा, असे आपण समजतो. पण ती केवळ क्षमा नव्हे. हॅना आरेंट या विदुषीने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ह्यूमन कंडिशन' या ग्रंथात क्षमा आणि वचन यांची जोडी लावली आहे. घडलेले कृत्य परत घेता येत नाही, त्यावर उपाय क्षमेचा. उद्याचा भरवसा नसतो, त्यावर उपाय वचनाचा. क्षमाच नसेल तर माणूस आपल्या एकाच कृत्याला जन्मभर जखडला जाईल, असे त्या सांगतात. आपल्या विषयाला हे नेमके लागू पडते. दुसऱ्यांदा खानावळीची पायरी चढणारा मागचे सोडून देतो आणि पुढच्याचे वचन मागतो. वचन न मागता केलेली क्षमा म्हणजे नुसता विसराळूपणा.

वचन मागायचे तर आधी बोलावे लागते. आणि आपण नेमके तेच करीत नाही. मुकाट्याने पैसे देतो, बडीशेप तोंडात टाकतो, आणि मग मालक सोडून साऱ्या गावाला सांगतो. ज्याला त्याची चूक कळलीच नाही, त्याला सुधारण्याची पहिली संधी तरी कुठे मिळाली? बाराव्या शतकात याच कल्याण नगरीत बसवण्णा आणि शरणांनी कायकाचा, म्हणजे श्रमालाच पूजा मानण्याचा, विचार मांडला. तो रांधणाऱ्याला लागू आहे; पण जेवणाऱ्याचेही एक काम असते. मराठीत, कानडीत की दखनीत, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत, आवाज न चढवता खरे सांगणे.

आपल्या दुभाषी मुलखात तर या न्यायाला आणखी एक पदर आहे. ताट बिघडले की, 'त्या लोकांच्या हातालाच चव नाही' हे वाक्य सहज निघते, दोन्हीकडून निघते. एका आचाऱ्याचा आळस साऱ्या समाजाच्या नावे जमा होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली; बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात आले. तालुके वाटले गेले, ताट वाटता आले नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी दोन्हीकडे राहिली. अंबाडीला कुणी पुंडी म्हणतो एवढेच. एका खराब जेवणावरून माणसांविषयी मत बनवू लागलो, तर मधे पडणारी भिंत कुठल्या सरकारने बांधलेली नसेल. दुसऱ्यांदा जाणे हे मालकावरचे उपकार नव्हेत. आपलेच मत तपासून पाहण्याची ती रीत आहे.

मात्र संधीलाही मर्यादा हवी. भाकरी गार असणे ही चूक आहे. जाणूनबुजून शिळे-नासके वाढणे हा अपराध आहे. आणि जात पाहून कप वेगळा ठेवणे, दारातच अडवणे, यापुढे तर चवीचा प्रश्नच उरत नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. तिथे दुसरी संधी देण्याचा अधिकार पोटभर जेवून आलेल्याला नाही. असलाच तर ज्याचा अपमान झाला त्याला आहे. बायकामुलींना जिथे बसणे अवघड होते, तिथेही शब्द त्यांचाच शेवटचा.

एवढे वगळून जे उरते, ते बहुतेक हातून घडलेले असते, मनातून नव्हे. आचारी आजारी असतो, गर्दी अचानक लोटते, नवा पोरगा गोंधळतो. अशा वेळी वेगळा दिवस पाहून, झाले ते सांगून, पुन्हा एकदा पाटावर बसावे. सुधारणा दिसली तर तीही मालकाला तोंडावर सांगावी. गावभर सांगायला तर आपण तयारच असतो. नाही दिसली, तर खुशाल दुसरी वाट धरावी. मग आपला नकार रागाचा राहत नाही. तो पारखून दिलेला निकाल ठरतो, आणि ज्याच्याविरुद्ध तो लागला त्यालाही त्याचे कारण ठाऊक असते.