चलच्चित्राचे प्रामाण्य

विद्यापीठांतून चित्रपट, दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यमे यांचे जे अध्यापन चालते, त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे; पडद्यावर काही पाहिल्याने प्रेक्षकाला जे ज्ञान होते ते कोणत्या प्रमाणाने होते, हा तो प्रश्न होय. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. चित्रपट डोळ्यांनीच पाहिला जातो, तेव्हा ते ज्ञान प्रत्यक्षच असणार, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु गौतमाच्या न्यायसूत्रांनुसार प्रत्यक्षासाठी इंद्रियाचा विषयाशी संनिकर्ष, म्हणजे साक्षात संबंध, घडावा लागतो. प्रेक्षकाच्या डोळ्यांचा संबंध येतो तो पडद्यावरील प्रकाशाशी, आणि ज्या माणसाचे किंवा झाडाचे ते चित्र असते तो माणूस वा ते झाड तेथे नसते.

दादासाहेब फाळके यांच्या कामात हा पेच आरंभीच प्रकट झाला होता. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाचे, थोड्या थोड्या अवधीने एकेक चौकट टिपत, ‘अंकुराची वाढ’ हे लघुचित्र तयार केले. रोप वाढते हे सर्वांना ठाऊक असले, तरी वाढण्याची क्रिया कोणाच्याही डोळ्यांना कधी दिसत नाही; म्हणजे इंद्रियांना अगोचर असलेले सत्य कॅमेऱ्याने दृश्य केले. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्याच फाळक्यांनी आपली कन्या मंदाकिनी हिला बाळकृष्ण करून कालियाशी झुंजताना दाखवले, आणि येथे कॅमेऱ्याने कधीही न घडलेले दृश्य केले. यंत्र एक, हात एक, तंत्रही बरेचसे एकाच जातीचे; असे असूनही एक ज्ञान यथार्थ आणि दुसरे कल्पित असेल, तर तो भेद चित्रात नसून चित्राबाहेर कोठेतरी शोधावा लागतो.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४५ मध्ये या प्रश्नाला जे उत्तर दिले, तेथूनच अनेक अभ्यासक्रमांची सुरुवात होते. छायाचित्र चित्रकाराच्या हाताने नव्हे तर वस्तूवरून आलेल्या प्रकाशाने उमटते, म्हणून त्यावर विश्वास बसतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. न्यायाच्या परिभाषेत हे अनुमान ठरते. अनुमानाला व्याप्ती लागते. व्याप्ती म्हणजे दोन गोष्टींचे नियत साहचर्य, जसे जेथे धूर तेथे अग्नी. जेथे छायाचित्र तेथे पूर्वी वस्तू होती, ही बाझँ यांची व्याप्ती. पण जेथे अग्नी तेथे धूर असतोच, असे उलटे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी इंधन ओले असावे लागते. अशी लपलेली अट म्हणजे उपाधी, आणि उपाधी आढळली की व्याप्ती मोडते, असे नैयायिक सांगतात. छायाचित्राच्या व्याप्तीतही एक उपाधी पहिल्यापासून दडलेली होती: मध्ये कोणी फेरफार केलेला नसेल तर. रासायनिक फिल्मवर फेरफार करणे कष्टाचे आणि खर्चाचे होते, त्यामुळे ही अट बहुधा पाळली जाई आणि नजरेआड राही. डिजिटल प्रतिमा म्हणजे अंकांची मांडणी, आणि तीच मांडणी समोर कोणतीही वस्तू नसताना संगणक निर्माण करू शकतो; त्यामुळे व्याप्ती आज नव्याने मोडली असे म्हणण्यापेक्षा तिची उपाधी आज उघडी पडली, असे म्हणणे अधिक बरोबर आहे.

सर्वच चित्रांना खरे-खोटेपणाची ही कसोटी लावणे मात्र अन्यायाचे होईल. नवव्या शतकातील काश्मीरचा श्रीशंकुक, ज्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या नाट्यशास्त्रावरील टीकेमुळे आज ज्ञात आहे, असे मांडतो की नटाला पाहताना ‘हा राम आहे’ असे होणारे ज्ञान सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारांहून निराळे असते; चित्रातला घोडा पाहून ‘हा घोडा’ असे वाटते, तसे ते असते. अभिनवगुप्ताने शंकुकाचा रसविचार स्वीकारला नाही, पण हे निरीक्षण टिकले. १९३६ च्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकारामांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस यांना पाहणारा प्रेक्षक फसलेला नसतो आणि संशयातही नसतो. नाट्याची ही भूमी वेगळी आहे हे कळावे म्हणून पूर्वरंग, म्हणजे नाटकाआधीचे विधी, तसेच गीत, रंगमंडप अशी योजना असते, असे अभिनवगुप्त सांगतो. दूरचित्रवाणीने या सीमा पुसट केल्या. १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा अनेक घरांत दूरदर्शन संचालाच हार घातले गेले. त्या भक्तीला अज्ञान म्हणणे उथळपणाचे आहे, कारण भक्त मूर्तीलाही देवाचे छायाचित्र मानत नाही आणि दर्शनाची सिद्धी वस्तूच्या पुराव्यावर अवलंबून नसते. परंतु २०२० च्या आषाढीत साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही, संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपुरास नेण्यात आल्या आणि असंख्य वारकऱ्यांनी तो सोहळा पडद्यावर पाहिला, तेव्हा दर्शनाच्या जोडीला हे आता, तेथे घडत आहे, असा वस्तुस्थितीचा दावाही होता, आणि तो दावा प्रमाणाच्या कक्षेत येतो. मोबाइलच्या पडद्यावर तर बातमी, नाट्य, जाहिरात आणि दर्शन एकापाठोपाठ एक येतात, आणि त्यांना पूर्वरंग नसतो.

अशा स्थितीत चित्राचे प्रामाण्य शब्दप्रमाणाकडे, म्हणजे आप्ताच्या वचनाकडे, सरकते. ज्याने गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, असे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असेही स्पष्ट करतो. म्हणजे अधिकार कुळावरून किंवा पदावरून येत नाही. बौद्ध आचार्य दिङ्नाग शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाही, त्याचा अंतर्भाव अनुमानात करतो. हा आक्षेप मान्य केला तरी येथे फारसे बिघडत नाही, कारण मग अनुमान करायचे ते चित्रातल्या वस्तूचे नव्हे, तर चित्र करणाऱ्याच्या ज्ञानाचे आणि हेतूचे.

ज्ञानाचे प्रामाण्य ठरते कसे, यावरही दर्शनांत मतभेद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुरावा येईपर्यंत ते खरे धरायचे असते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे बाहेरून, विशेषतः त्या ज्ञानानुसार केलेली कृती सफल झाल्याने, ठरते. सामान्य प्रेक्षक चित्रापुढे मीमांसक असतो. त्याला नैयायिक करणे हे माध्यमशिक्षणाचे पहिले काम आहे. मात्र प्रत्येक चित्रावर सरसकट अविश्वास ठेवणे हे नैयायिकाचे लक्षण नव्हे; न्यायाच्या दृष्टीने संशय ही विचाराची सुरुवात आहे, आणि निर्णयापर्यंत न पोहोचणारा अभ्यासक खोट्या चित्राइतकाच खऱ्या साक्षीलाही नाकारून बसतो, ज्याचा लाभ बहुधा खोटे चित्र करणाऱ्यालाच होतो.

ही परिभाषा चित्रपटाच्या वर्गात आणण्यास पुण्याइतके अनुकूल शहर क्वचितच असेल. १९६० मध्ये प्रभातच्या जागेत सुरू झालेली चित्रपट प्रशिक्षण संस्था, १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि १९१७ पासून संस्कृत ग्रंथांचे संशोधन करणारे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, या तिन्ही संस्था लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरात आहेत. बाझँ शिकवणाऱ्या अध्यापकांनी वात्स्यायन आणि शंकुक यांनाही अभ्यासक्रमात स्थान द्यावे, आणि न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी आपल्या ग्रंथांतील धूर व अग्नी यांच्या जोडीला चलच्चित्राचाही दृष्टान्त विचारात घ्यावा.