पटावर नसलेल्या मुलांचे पालक कोण?

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. पाट, कोठार आणि चौकोनी घरे असलेल्या या वस्तीत इ.स.पू. १०००च्या सुमारानंतर लहान गोल झोपड्या दिसू लागतात. पाऊसमान घटले आणि लोक अर्धभटके झाले, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. आज याच भागातल्या शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पोटासाठी गाव सोडणे या मातीला नवे नाही. सोबत आलेल्या मुलांना शाळेचा कायदेशीर हक्क असणे मात्र नवे आहे. तो बजावायचा कोणी?

शिक्षणहक्क कायदा (२००९) स्थलांतरितांच्या मुलांचा प्रवेश स्थानिक प्राधिकरणावर सोपवतो. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असेही तो सांगतो. त्याच कायद्याच्या कलम २१ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. कामकाजावर देखरेख, विकास आराखडा आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ही तिची कामे. समितीत तीन चतुर्थांश पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. लोकशाहीच्या दृष्टीने रचना चोख आहे, पण तिच्यात एक फट राहिली. पालक म्हणजे पटावरच्या मुलांचे पालक. ज्याचे मूल पटावरच नाही, त्याला समितीत जागा नाही आणि हंगाम संपताच तो गावातही नसतो. ज्यांना समितीची सर्वाधिक गरज, नेमके तेच तिच्याबाहेर.

समितीच्या हातात आहे तरी काय, असे सदस्य विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा लोकनियुक्त स्थानिक संस्थांकडे दिल्या, पुढे जिल्हा स्कूल बोर्डे आली आणि १९६२पासून हा कारभार जिल्हा परिषदेकडे गेला. शिक्षकांच्या नेमणुका-बदल्या समितीच्या हाती नाहीत. त्यामुळे बैठक म्हणजे इतिवृत्तावर सह्या आणि रंगरंगोटीसाठी वर्गणी, असा समज रुजतो. लोकसहभागाने शाळेचे रूप पालटते, हे याच शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या शाळेने दाखवले. पण गावाची आपुलकी आपल्या मुलांपाशी थांबली, तर उजळलेल्या शाळेच्या कुंपणाबाहेर फड तसाच राहतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. वर्षाच्या मध्यावर वेगवेगळ्या इयत्तांची मुले आली, तर दोनशिक्षकी शाळेने करायचे काय? म्हणूनच हे ओझे एकट्या गुरुजींवर टाकता येत नाही. समितीने दिवाळीपूर्वी मुकादमाकडून मुलांची यादी घेणे, कोप्यांवर जाऊन आयांशी बोलणे, हंगामापुरत्या जादा शिक्षकाची मागणी आराखड्यात घालून ती पंचायत समितीकडे लेखी पाठवणे आणि मुले परत निघताना त्यांच्या हाती पुढच्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी कार्ड आहे ना हे पाहणे, यांपैकी कशालाही नेमणुकीचा अधिकार लागत नाही.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते, की सरकारी महसुलाचा मोठा वाटा कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. आज या भागातला पैसा उसातून येतो आणि ऊस तोडणाऱ्याचे मूल फडात भावंडे सांभाळते. ज्या कष्टावर गावाची भरभराट उभी आहे, त्या कष्टकऱ्याच्या मुलाला वर्गात बसवणे हा उपकार नव्हे, ते देणे आहे. समितीचे मूल्यमापन करायचे असेल तर भिंतींच्या रंगाआधी फेब्रुवारीची हजेरी तपासावी.