पिकाचूची वीज आणि पॉरिगॉनची शिक्षा



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना आठवी आज्ञा शिकवत होतो. खोटी साक्ष म्हणजे काय, ते कोणी सांगेल का, असे विचारले. चौथीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या दप्तराला एक पिवळा उंदीर लटकत होता. लाल गाल, काळ्या टोकांचे लांब कान आणि वीज चमकावी तशी वाकडीतिकडी शेपटी. तो म्हणाला, "फादर, वीज पिकाचूने पाडली होती. आणि शिक्षा मिळाली पॉरिगॉनला. ही खोटी साक्षच ना?"

वर्गात हशा पिकला. शिक्षिकाबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावले. आम्हीही हसलो आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट सांगून पुढे गेलो. पण घरी जाताना तो मुलगा हिरमुसलेला दिसला, म्हणून त्याला फाटकाशी गाठून सगळे विचारून घेतले. मग आम्ही स्वतःही थोडे वाचले. आमचे हसणे चुकले होते. त्या मुलाचा प्रश्न त्या दिवशी वर्गात विचारल्या गेलेल्या सगळ्या प्रश्नांत चांगला होता.

ज्या आजी-आजोबांना हा पिवळा उंदीर ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९६ साली जपानमध्ये हातात धरून खेळण्याच्या छोट्या यंत्रावर 'पोकेमॉन' नावाचा खेळ निघाला. रानावनात फिरून तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक प्राणी पकडायचे, त्यांना शिकवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची, असा तो खेळ. त्यातला पिकाचू हा गालांत वीज साठवणारा प्राणी. १ एप्रिल १९९७ पासून त्यावर दूरदर्शन मालिका सुरू झाली. तिच्यात पिकाचू हा दहा वर्षांच्या एका मुलाचा सोबती झाला आणि सगळ्या प्राण्यांत लाडका ठरला. पुढे आपल्याकडेही कार्टून नेटवर्कवर ही मालिका हिंदीतून आली. आज ज्यांची लग्ने आम्ही लावतो, त्यांतल्या बऱ्याच जणांचे बालपण तिच्यापुढे गेले आहे. प्राणी पकडून त्यांची झुंज लावणे हा मुलांचा खेळ असावा का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर पुन्हा कधीतरी लिहू.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. १६ डिसेंबर १९९७, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला तोक्यो वाहिनीवर मालिकेचा ३८ वा भाग लागला. त्यात मुले आणि पिकाचू संगणकाच्या पोटात शिरतात. त्यांना पाठीवर घेऊन नेतो तो पॉरिगॉन, माणसांनी संगणकावर घडवलेला एक कोनाकोनांचा, गुलाबी-निळा प्राणी. संगणकातला विषाणूनाशक कार्यक्रम या मंडळींनाच विषाणू समजतो आणि त्यांच्यावर क्षेपणास्त्रे सोडतो. सोबत्यांना वाचवण्यासाठी पिकाचू वीज सोडतो, क्षेपणास्त्रे फुटतात आणि स्फोट दाखवायला पडदा लाल-निळा, लाल-निळा असा सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकतो. जेमतेम पाच-सहा सेकंद.

तेवढ्या वेळात जपानभरच्या घरांत मुलांना भोवळ आली, उलट्या झाल्या, काहींना फिट आल्या. सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुलेच होती. रात्री बातम्यांत काय घडले ते सांगताना तोच तुकडा पुन्हा दाखवला गेला आणि आणखी काही मुले आजारी पडली. देवाच्या दयेने कोणी दगावले नाही आणि बहुतेक मुले लवकर बरी झाली. मालिका चार महिने बंद राहिली. १६ एप्रिल १९९८ रोजी ती परत सुरू झाली. तो भाग मात्र पुन्हा कधीही दाखवला गेला नाही. आणि पॉरिगॉन? त्याला मालिकेत पुन्हा कधी भूमिका मिळाली नाही. कुठे गर्दीत क्षणभर दिसला असेल, तेवढाच. खेळांमध्ये त्याची पुढची दोन रूपे निघाली, पण मालिकेचे दार त्यांनाही बंदच राहिले. पिकाचू मात्र परत आला तो पहिल्यासारखाच नायक म्हणून. त्याच १९९८ साली ऑल निप्पॉन या जपानी कंपनीच्या विमानांवर त्याची चित्रे झळकली.

आता दोष कोणाचा, ते पाहू. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला पहिला धडा मिळाला तो असा, की माणसाच्या हातून घडलेली प्रत्येक गोष्ट ही त्याची नैतिक कृती नसते. झोपेत हात लागून पेला फुटला तर ते पाप नव्हे. जाणीव हवी आणि इच्छा हवी. पिकाचू हे चित्र आहे. त्याला जाणीवही नाही आणि इच्छाही नाही. कथेच्या आत शिरून त्याला खरा मानला तरी त्याने सोबत्यांना वाचवण्यासाठी वीज सोडली. पडद्याबाहेर मुले बसली आहेत, हे त्याला कसे कळावे? संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना हा भेद स्पष्ट केला आहे. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक मनात धरलेला आणि दुसरा मनात नसलेला. कृतीची नैतिक जात मनात धरलेल्या हेतूवरून ठरते. तेव्हा पिकाचू निर्दोष, आणि ज्याने फक्त पाठीवर बसवून नेले तो पॉरिगॉन तर त्याहून निर्दोष. त्या मुलाला पिकाचूला शिक्षा झालेली हवी होती का, असे आम्ही त्याला विचारले. तो दप्तराला हात लावून म्हणाला, "नाही, फादर!" त्यालाही आपला पिकाचू गमवायचा नव्हता.

मग उरली ती चित्रे काढणारी, जोडणारी आणि प्रक्षेपित करणारी माणसे. रंगांची अशी लुकलुक जपानी कार्टूनांत त्याआधीही सर्रास वापरली जात होती. त्या भागात तिचा वेग, लाल-निळा रंग आणि पडद्यावरचा पसारा हे सगळे एकत्र आले. म्हणजे त्यांनी जाणूनबुजून काही केले नाही. पण अज्ञानाचेही दोन प्रकार असतात. एक, कितीही प्रयत्न केला तरी दूर न होणारे. दुसरे, थोडे विचारले असते तर दूर झाले असते असे. लुकलुकत्या प्रकाशाने काही जणांना फिट येते, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. इंग्लंडमध्ये १९९३ साली एका जाहिरातीमुळे असेच घडले होते आणि तिथे त्याबद्दल नियमही झाले होते. तेव्हा हे दुसऱ्या प्रकारचे अज्ञान म्हणावे लागेल. फार मोठा अपराध नव्हे, पण अपराध नाहीच असेही नव्हे.

त्या माणसांनी नंतर योग्य तेही केले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. एप्रिल १९९८ मध्ये जपानच्या प्रसारण संस्थांनी मिळून नियम केले. लुकलुक, विशेषतः लाल रंगाची, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, हा त्यांतला एक. तेव्हापासून तिथल्या मुलांच्या कार्यक्रमांच्या सुरुवातीला, खोलीत दिवा लावून पडद्यापासून दूर बसा, अशी सूचना दिसते. दोष ओळखला गेला आणि दुरुस्तही झाला. मग पॉरिगॉनला घालवायची गरज काय होती? त्याला काढल्याने एकाही मुलाचे डोळे अधिक सुरक्षित झाले नाहीत.

आम्हांला दिसते ते असे. त्या भागाच्या नावात पॉरिगॉनचे नाव होते, त्यामुळे लोकांच्या आठवणीत ती संध्याकाळ त्याच्या नावावर जमा झाली. आणि दुसरे म्हणजे, पॉरिगॉन गेल्याने कोणाचे काही अडत नव्हते. पिकाचू गेला असता तर मालिकाच संपली असती. बोट दाखवताना आपण पुष्कळदा आधी हे पाहतो, की कोण गेलेला आपल्याला परवडेल. कोणी काय केले, हे त्यानंतर.

कोणी म्हणेल, फादर, हे चित्र आहे, चित्रावर कसला अन्याय? बरोबर आहे. चित्राला काही दुखत नाही. परंतु संत थॉमस यांनीच मुक्या प्राण्यांबद्दल लिहिताना म्हटले आहे, की प्राण्याशी क्रूरपणे वागणाऱ्याला पुढे माणसाशीही तसेच वागण्याची सवय लागते. प्राण्यासाठी जे खरे, ते चित्रासाठीही थोडेफार खरे मानावे, असे आम्हांला वाटते. एका पिढीच्या लाखो मुलांनी पाहिले, की संकट आले की वीज कोणी पाडली ते कोणी विचारत नाही, ज्याचे नाव पाटीवर होते त्याला घालवतात. तो मुलगा हे पाहून अस्वस्थ झाला. बाकीचे झाले नाहीत.

जुन्या करारात लेवीयच्या सोळाव्या अध्यायात दोन बकऱ्यांचा विधी आहे. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवी, लोकांची सारी पापे मोठ्याने कबूल करी आणि मग त्या बकऱ्याला रानात सोडून देत. या विधीची आपण आज 'बळीचा बकरा' म्हणून थट्टा करतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ती पापे आपली आहेत, हे तिथे सगळ्यांसमोर बोलले जात होते. बकऱ्याने काही केले आहे, असे कोणी म्हणत नव्हते. आपण मात्र कबुली गाळतो आणि बकरा तेवढा ठेवतो. कयफाने सभेत जो हिशेब मांडला, तो याच जातीचा. सगळे राष्ट्र जाण्यापेक्षा एक माणूस गेलेला बरा. त्या एका माणसाने काय केले, याची त्या हिशेबात जागाच नव्हती.

हे सगळे आम्ही इतक्या ठामपणे का लिहितो, तेही सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ग्लोरिया सुरू झाला आणि चर्चमधली वीज गेली. वीस मिनिटे अंधार. गोठ्याची रोषणाई युवक मंडळातल्या एका मुलाने केली होती. अकरावीत होता तो. चार रात्री जागून त्याने गोठा उभारला होता. अंधारात आम्ही वेदीवरून विचारले, "बोर्डाला कोणी हात लावला?" नाव घेतले नाही, पण सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने दाखवले, की गोठ्याच्या माळांचा काही दोष नव्हता. एका देणगीदाराने दिलेले दोन मोठे दिवे त्याच लाइनवर जोडले होते आणि ते जोडायला आम्हीच सांगितले होते. वेगळी लाइन घ्या, असे वायरमन आधी म्हणाला होता. खर्च नको म्हणून आम्हीच नाही म्हटले.

आम्ही त्याच आठवड्यात वेगळी लाइन घेतली. नववर्षाच्या मिस्सेत त्या देणगीदाराचे आभारही मानले. त्या मुलाबद्दल अवाक्षर काढले नाही. वायरिंग दुरुस्त झाले म्हणजे सगळे दुरुस्त झाले, असे आम्ही मनाशी ठरवून टाकले. तो युवक मंडळात यायचा बंद झाला. अभ्यास वाढला असेल, असे आम्ही म्हणालो.

आमची बदली ठरली तेव्हा निरोप घ्यायला आम्ही त्याच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, "फादर, ते मी कधीच विसरलो." त्याची आई चहाचे कप उचलत होती. ती म्हणाली, "तो विसरला असेल, फादर. पण त्या नाताळपासून आमच्या घरात गोठा केलेला नाही." आम्ही म्हणालो, की त्या चर्चमध्ये शेवटच्या मिस्सेत हे सगळ्यांसमोर सांगू. आणि सांगितले. पण तोवर चार नाताळ होऊन गेले होते, त्या रात्री अंधारात असलेले निम्मे लोक तिथे नव्हते आणि तो मुलगाही मिस्सेला आला नव्हता.

येत्या रविवारी वर्गात आम्ही त्या चौथीतल्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागणार आहोत आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. पॉरिगॉनने काही केले नव्हते, पिकाचूनेही नाही, एवढे त्याला सांगता येईल. तो हुशार आहे, पुढचा प्रश्न तो विचारणारच: "मग कोणी केलं, फादर?" तेव्हा जपानमधल्या माणसांबद्दल जे वाचले ते सांगू, आणि त्यानंतर आमच्या त्या नाताळाबद्दलही.

आपला,
धर्मगुरू